एकाच लाइनीतले

दवाखान्यात सही करायची तर आमच्याकडे शिकलेला माणूस सोबत लागतो. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. पारशिवनीच्या ज्या मावसबहिणीकडे राहून मी दहावी केली, ती मला त्या दिवशी गांधीबागेतल्या एका क्लिनिकमध्ये घेऊन गेली. तिची सात वर्षांची मुलगी ऑटिस्टिक आहे. त्या दुपारी मुलीच्या पाठीच्या कण्यात स्टेम सेलचं इंजेक्शन द्यायचं होतं.

खाली कापडाचं ठोक दुकान, वर काचेचं दार, आत गुलाबाच्या स्प्रेचा घशाला चिकटणारा वास. भिंतीवर हिरव्या उजळलेल्या चेतापेशींचा मोठा फोटो. तसल्या पेशी मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. ऑटिस्टिक मुलांच्या रक्तापासून आमच्या प्रयोगशाळेत स्टेम सेल तयार होतात, त्यांच्यापासून चेतापेशी वाढवतात. त्या एकमेकींशी कशा जोडल्या जातात, ते आम्ही बघतो. भाचीचंही रक्त त्यात आहे. बहिणीला वाटलं होतं, आम्ही वाढवलेलंच इथे टोचतात.

तिथल्या काउन्सेलरने चहा दिला. माझं काम कळताच तो खुलला.

"अरे वा सर, आपण तर एकाच लाइनीतले! ताईंना समजवा, घाबरून राहिल्या. आणि तुमच्याकडे येणारे पेशंट इकडे पाठवत जा, तुमचंही बघू."

मला शिसारी आली. मी चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, आमच्या पेशी प्लेटमधीच राहतात," मी म्हणालो. "कोणाच्या अंगात जात नाहीत. आन् या इंजेक्शननं ऑटिझम बरा होते, हे कुठंच सिद्ध झालं नाही."

"मंग पोरीचं रक्त कायले नेलं गा?"

"मेंदूत काय चालते, थे समजाले."

"समजलं?"

"थोडं."

"बस, थोडंच?"

काउन्सेलर हसला. "हे लोक नुसते पाहतच राहतात, ताई."

बहीण त्याच्याकडे वळली. भाची एसीच्या घरघरीने मघापासून कान दाबून बसली होती. "तुमाले तं सारं समजते ना? मंग सांगा, हे पोरगी कान झाकून काहून बसली?"

त्याने पहिल्यांदाच मुलीकडे पाहिलं. "जिद्दी असतात असे बच्चे."

"चाल गा," बहीण उठली. सही न करताच आम्ही खाली उतरलो. रस्त्यावर भाचीने कानांवरचे हात काढले.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली तोच हिरवा रंग दिसला, आणि तो गुलाबाचा वास पुन्हा घशाशी आला.