दाजींचे हातमोजे

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. लिहिण्यात चुका होतील, अक्षरही गिचमिड आहे. कुणी वाचलंच तर पोटात घालावं. पण एक गोष्ट ठासून लिहिते. लोकांच्या हातांची आमच्या दाजींनी जेवढी काळजी केली, तेवढी त्या लोकांच्या आयांनीही केली नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. लातूरच्या बाजारात त्यांचं कामाच्या हातमोज्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं "मोजे द्या" म्हटलं की दाजी आधी काम विचारणार. मिरची कांडणाऱ्या बाईला सुती मोजे मागूनही मिळायचे नाहीत. "सुतातनं तिखट आत जातंय, बाई. रबर घे." रबरी मोज्यात तोंडानं हवा भरून तो गालाशी धरायचे, बारीक छिद्र असलं तर गालाला वारा लागतो म्हणे. गिरणीच्या पट्ट्यापाशी काम करणाऱ्याला तर हाकलूनच द्यायचे. "फिरत्या पट्ट्यापुढं मोजे घालतूस? हात ओढून नेईल की!" गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं आणि ताई कपाळाला हात लावायची, "अवो, दुकान मांडलंय का दवाखाना?"

दाजी लिंगायत. ज्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची, त्याला कातडं लावायचं नाही, हा त्यांचा नेम. पण वेल्डिंगवाल्याला कातड्याशिवाय भागत नाही, हेही त्यांना ठाऊक. मग त्यांनी तोड काढली : कातडी मोजे विकताना स्वतः सुती मोजे घालायचे. मी पदरात तोंड लपवून हसायची. "हस, मेव्हणीबाई, हस. गिऱ्हाइकाचा हात बी वाचला, माझा नेम बी वाचला."

एकदा एका व्यापाऱ्यानं कातडं म्हणून रेक्झिनचा माल गळ्यात मारला. दिसायला हुबेहूब. उघड्या बोटांनी चाचपलं असतं तर दाजींना लगेच कळलं असतं; पण बोटांवर सूत होतं. त्यातलाच एक जोड त्यांनी माझ्या मालकांना विकला. मालक विष्णुपुरीला वेल्डिंग करतात. ठिणगी पडली, रेक्झिन वितळलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटलं. बोटं राहिली, पण पुरती मिटत नाहीत.

दाजी धावत आले. जळका मोजा मागून घेतला आणि उघड्या हातानं चोळला. "कातडं न्हाई हे," म्हणाले. मग त्या मालाचं एकेक गिऱ्हाईक हुडकत फिरले, पार उमरीपर्यंत. मोजे परत घ्यायचे, पुरे पैसे द्यायचे, "चूक माझी हाय" म्हणायचं. "ऱ्हाऊ द्या, आप्पा," लोक म्हणायचे. ते ऐकत नसत. दुकान त्यातच बसलं.

सगळ्यात शेवटी आमच्याकडे आले. "साडूभाऊ, मला लाजवता व्हय?" मालक म्हणाले. ते पैसे घेईनात आणि दाजी ताटावर बसेनात. "घ्या, पाव्हणं. तुमचेच तेवढे राह्यले." भाकरी निवली, तेव्हा मालकांनी हात पुढं केला. नोटांवर बोटं मिटेनात. दाजींनीच ती हळूच मिटवली. सगळ्यांचे पैसे फिटले. सकाळी उठून जावं, असं ठिकाण दाजींना आता उरलं नाही.