बिनआवाजाचं पान

दुकानातल्या मुलीने पुस्तकं वाचायच्या यंत्राच्या काचेवर बोट टेकवलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि पान बदललं. "बघा काका, आवाजसुद्धा नाही. आणि शर्टाच्या खिशात मावतं."

शेजारी मोठं, रंगीत यंत्र होतं. मी हे छोटंच घेतलं. डोळ्यांना त्रास नको म्हणून, असं तिला सांगितलं. खरं कारण कुणालाच सांगितलेलं नाही, ते आता सांगतो.

आईला दिसत नाही. दुपारी ती पलंगावर असते आणि मी शेजारच्या खुर्चीत पुस्तक घेऊन. पान उलटलं की ती लगेच विचारते, "विनू, आहेस ना रे?" पुढच्या पानाला पुन्हा तेच. कागद वाचणाऱ्याची चाहूल देत असतो. हे यंत्र ती चाहूल गिळून टाकतं. मला आईजवळ बसायचं होतं, पण तिला सापडायचं नव्हतं.

काल पहिल्यांदा ते घेऊन बसलो. पानं मुकाट सरकत होती, माझं लक्ष मात्र आईच्या चेहऱ्यावर. ती कान देऊन पडली होती. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो.

"विनू," बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "वाचत का नाहीस रे? माझ्यासाठी नको थांबूस. मी नाही आता मध्ये बोलत."

मी यंत्र खिशात टाकलं, टीपॉयवरचं वर्तमानपत्र उचललं आणि एक पान मोठ्याने उलटलं.

"हां," ती म्हणाली, आणि तिने कूस बदलली.