तिसरा जीव

माझी कितेरिया आत्या आमच्या घरात देवाच्या खालोखाल जपली जायची. खरं सांगायचं तर देवापेक्षा जास्तच. देवाची आठवण आम्हाला रविवारी व्हायची, पण आत्याला झोप लागली का, खोकला आला का, पोट साफ झालं का, ही चौकशी माझा बाप रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी करायचा.

त्याला कारण होतं. आमचा द्राक्षमळा, ऑलिव्हची झाडं, तेलाचा घाणा, अगदी आम्ही झोपायचो ते घरसुद्धा आमचं नव्हतं. ते लिस्बनमधल्या परक्यांच्या सेमिनरीचं होतं. इंग्लंडात कॅथलिक पाद्री घडवायला बंदी होती, तेव्हा तिकडची मंडळी इकडे येऊन बसली आणि त्यांनी ही सेमिनरी काढली. कुणा भाविक बाईने मरताना आमच्या गावची जमीन तिला देऊन टाकली. माझ्या आजोबांनी ती पट्ट्याने घेतली, तीन जिवांच्या पट्ट्याने. म्हणजे पट्ट्यावर तीन माणसांची नावं घालायची. त्यांतलं शेवटचं माणूस जिवंत आहे तोवर जमीन कुळाची. त्याचे डोळे मिटले की सगळं सेमिनरीकडे परत, चुलीच्या दगडांसकट. पहिला जीव आजोबा, दुसरा आजी आणि तिसरा त्यांची त्याच वर्षी जन्मलेली पोर, कितेरिया. तान्ह्या पोराचं नाव घालायचं, म्हणजे पट्टा लांब चालतो. आमच्याकडे सगळे असंच करत.

आजोबा गेले, आजी गेली. उरली आत्या. मग काय विचारता! तिने शिडीवर चढायचं नाही, रानातली अळंबी खायची नाही, नावेत पाऊल ठेवायचं नाही. कॉलराच्या साथीत बापाने तिला माळ्यावर कोंडून घातली आणि टोपलीला दोर बांधून तिचं जेवण वर चढवलं. गावातली टवाळ माणसं रस्त्यात बापाला विचारायची, "काय बोनिफासियो, मळा काल रात्री शिंकला म्हणे?"

आत्याही काही कमी नव्हती. कोंबडीची तंगडी तिच्याच ताटात पडली पाहिजे, शेकोटीजवळची खुर्ची तिचीच. मनाविरुद्ध काही झालं की ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "चालले मी विहिरीत उडी घ्यायला! मग बसा सगळे रस्त्यावर भीक मागत!" की लगेच माझा बाप हात जोडून, "ताई, ताई, तू म्हणशील तसं." लहानपणी मला याचं भारी हसू यायचं. आता येत नाही.

आत्याचं लग्न झालं नव्हतं. का, ते मला आईने सांगितलं. आत्या ऐन बाविशीत असताना सालुस्तियानो नावाचा पिंपं बनवणारा कारागीर तिला मागणी घालायला आला होता. हात लाकूडकामाने राकट झालेले, पण माणूस हसरा. आत्याच्या मनात तो भरला होता. आजी म्हणाली, "बाळंतपणात बायका मरतात. तू गेलीस तर तुझी भावंडं कुठे जातील? लग्नाचं नाव काढायचं नाही." एवढं बोलून ती थांबली नाही. नकार द्यायला तिने आत्यालाच दारात पाठवलं, म्हणजे पुन्हा आशा राहायला नको. सालुस्तियानोने पुढे शेजारच्या गावची मुलगी केली, त्याला भरपूर पोरंबाळं झाली. आमची पिंपं दुरुस्त करायला मरेपर्यंत तोच येत होता. तो आला की आत्याचं डोकं दुखायचं आणि ती दिवसभर आतल्या खोलीत पडून राहायची.

मग एका वर्षी सेमिनरीने नवा कारभारी नेमला, फादर एडमंड. तरुण, उंच, उन्हाने नाक सोललेलं. जुन्या नोंदींना ओल लागून अक्षरं फुटली होती, म्हणून सेमिनरीच्या सगळ्या मालमत्तेची नव्याने नोंद करायचं काम त्याच्याकडे होतं. जमीन कोणती, हद्द कुठली, कूळ कोण आणि पट्ट्यावरचा जीव खरोखर जिवंत आहे का. आधीचे कारभारी वर्षातून एकदा यायचे, आत्याला खुर्चीत बसलेली बघायचे, खंडाची वाइन आणि दोन कोंबडे घेऊन जायचे. याला पुरावा हवा होता. आमच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही तर फ्रेंच शिपायांनी चर्चबरोबरच जाळली होती. मग साक्षीदार आणा, म्हणाला. बाप्तिस्म्याच्या वेळी पोरीला हातात धरलेली धर्ममाता, दोमितिला आजी, अजून जिवंत होती. डोळे गेलेले, पण जीभ शाबूत. बाप खूश झाला. त्याने गाढव पाठवून तिला आणवलं.

मार्टिन संताचा सण होता. अंगणात चेस्टनट भाजत होते, नवी वाइन उघडली होती, चार शेजारी जमले होते. मेजावर क्रूस आणि पवित्र पुस्तक मांडलं होतं. आत्या काळा रेशमी झगा घालून ऐटीत खुर्चीवर बसली होती.

फादरने दोमितिला आजीचा हात पुस्तकावर ठेवला. "आजी, पट्टा झाला त्या वर्षी कितेरियाला बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्हीच धरलं होतं?"

"मीच तर! चिमणीएवढी होती. पाणी पडलं तरी रडली नाही हो. तेव्हाच मी म्हटलं, ही काही टिकायची नाही." आजीने उसासा टाकला. "गेलीच बिचारी. दातसुद्धा आले नव्हते."

"कोण गेली?" फादरने विचारलं.

"कितेरिया. चर्चच्या मागे भिंतीशी पुरली तिला. नंतर दुसऱ्या वर्षी ही झाली, ही बसलीय ती. हिला तेच नाव दिलं. आमच्याकडे रीतच आहे, फादर. गेलेल्या पोराचं नाव मागून येणाऱ्याला द्यायचं. नाहीतर नाव अनाथ होतं."

शेकोटीत एक चेस्टनट फटकन फुटला आणि आई दचकली.

"आजी, काय बरळतेस!" बाप ओरडला.

"बरळायला काय झालं? तुझा जन्म तरी झाला होता का तेव्हा? तुझी आईच म्हणाली होती, नाव तेच म्हणजे जीव तोच. तुझ्या बापाने पट्टा काय पोरीच्या नाकडोळ्यांवर केला होता? नावावरच केला होता ना!"

ती हे अगदी साळसूदपणे सांगत होती. तिच्या दृष्टीने यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. रीत मलाही माहीत होती, आमच्या निम्म्या गावाने मेलेल्या भावंडांची नावं लावली होती. पण आत्या कुणाचं तरी नाव वापरते आहे, हे माझ्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. आत्याकडे बघायची मला हिंमत होईना. बघितलं तेव्हा ती पांढरीफटक पडली होती.

"दोमितिला," ती म्हणाली, "सालुस्तियानो आला तेव्हा आईला हे आठवत होतं?"

"आई पोटची पोर कशी विसरेल गं?"

"मग मला का अडवलं? पट्ट्यावर मी नव्हतेच. माझ्या मरण्याने काय जाणार होतं?"

"असं कसं? तू गेली असतीस तर त्या नावाची तिसरी कुठून आणायची?" आजी समजूत घालत म्हणाली. "तुझ्या आईचं तेव्हा वय उलटलं होतं, बाळ."

हे सगळं केलं ते माझ्या सख्ख्या आजीने. तिच्याच हातची भाकरी मी खाल्ली होती, तिच्या मांडीवर झोपले होते.

फादरने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "हे खरं असेल तर तुमच्या आईबरोबरच पट्टा संपला. मला तसं लिहावं लागेल, आणि तुम्हाला मळा सोडावा लागेल." आई मटकन उंबऱ्यावर बसली. शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. मग फादर खाली मान घालून हळूच म्हणाला, "अजून मी लिहिलेलं नाही. आजींचं वय झालं आहे. दोन मुली होत्या आणि एक गेली, एवढं मी ऐकलं. कोणती गेली, ते घरच्या माणसाने शपथेवर सांगावं. सेन्होरा कितेरिया, तुम्हीच सांगा."

त्याने वाट दाखवली होती, हे मलाही कळलं. बापाला तर लगेच कळलं. तो आत्यासमोर गुडघ्यांवर बसला. "ताई, हात ठेव पुस्तकावर. तुझ्या पाया पडतो."

आत्याने त्याच्याकडे नवीनच माणूस दिसावा तसं पाहिलं. "माझ्यासाठी बसलास का रे गुडघ्यांवर, बोनिफासियो? की मळ्यासाठी?"

"ताई, तुझ्यात आणि मळ्यात आम्ही कधी फरक केलाय का?"

हे तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, मनापासून म्हणाला. त्याला वाटलं, यापेक्षा मोठं प्रेम कुणी बोलून दाखवू शकत नाही. माझ्या बापाची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आत्या उठली. मला वाटलं, आता ती ओरडेल, मेज उलथून टाकेल, विहिरीकडे तरी धावेल. तिने शांतपणे पुस्तकावर हात ठेवला.

"कितेरिया जगली," ती म्हणाली. "आजवर मी तिचंच आयुष्य जगत आले. तिचं नाव, तिची खुर्ची, तिचं जपून राहणं. लिहा, फादर. पट्ट्यावरची जिवंत आहे. गेली ती दुसरी, मागून आलेली."

फादर भराभर लिहू लागला. "त्या दुसरीचं नाव?"

"ठेवलंच नव्हतं कुणी."

"ती कधी गेली?"

"बाविसाव्या वर्षी," आत्या म्हणाली. "याच दारात उभी राहून सालुस्तियानोला नाही म्हणाली, तेव्हा."

फादरची लेखणी थांबली. दोमितिला आजीने छातीवर क्रूसाची खूण केली. मी रडत होते.

"पहिलं लिहिलं ना, फादर? जिवंत आहे म्हणून लिहिलं ना?" बाप उठून वहीत डोकावला. त्याला वाचता येत नव्हतं, पण शाई ओली दिसली तेवढ्याने त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने गुडघ्यांवरची माती झटकली, आत्याचा हात धरून तिला पुन्हा खुर्चीत बसवलं आणि माझ्याकडे वळून खेकसला, "रडतेस काय? आतून शाल आण. गार वारं सुटलंय, ताईला बाधेल."