कोझुमेलचा व्हॅनिला

आमच्या बोमाँटहून गॅल्व्हस्टनचा धक्का काही फार लांब नाही. तिथून जहाजं सुटतात आणि आमच्याकडे कुणी निवृत्त झालं, कुणाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, की घरचे, दारचे, चर्चमधले असे सगळे एकाच रंगाचे टी-शर्ट घालून त्या जहाजांवर चढतात. पाच दिवस खायचं, नाचायचं, डेकवर पाय पसरून लोळायचं आणि परत यायचं. आमच्या चर्चमधल्या निम्म्या बायकांनी मेक्सिकोचं कोझुमेल पाहिलंय, पण स्वतःच्या राज्याची राजधानी पाहिलेली नाही. वर्लीन मात्र कायम धक्क्यावरून हात हलवणाऱ्यांतली.

वर्लीन आणि मी शाळेच्या कॅन्टीनमध्ये जन्मभर शेजारी उभं राहून राबलो. ती मुख्य स्वयंपाकीण, मी पावभट्टीवर. लग्न केलं होतं तिनं, टिकलं नाही. त्याबद्दल विचारलं की म्हणायची, "बर्निटा, त्याला माझ्या हातचं आवडायचं. मी नाही." एवढं बोलून ती वाटाण्यांचा डबा उघडायला लागायची. तिच्या आईला, जिला आम्ही सगळे मानानं मिस युलाली म्हणायचो, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून कॅन्टीन आणि आई एवढंच तिचं जग उरलं. सकाळी आईला अंघोळ, नाश्ता, मग शेजारीण येऊन बसणार, मग शाळा, मग पुन्हा आई. कुरकुर म्हणून नाही. उलट मान ताठ करून सांगायची, "मम्मा आणि माझ्यात काही लपलेलं नाही. तिच्या अंगावरचा कपडा मी बदलते, लपवायला जागा कुठंय?" हेच तिचं वैभव होतं. बाकी तिच्याकडे मिरवावं असं काही नव्हतंच.

धाकटी बहीण शार्मेन दोन गल्ल्या पलीकडे राहायची. नवरा रॉस्को रिफायनरीत, ओरडून बोलणारा पण मनानं मऊ. आणि तिसरी ओपल, वर्लीनची शाळेपासूनची मैत्रीण, हिचं केस करायचं दुकान. मिस युलाली आजारी पडली त्याच उन्हाळ्यात या सगळ्यांची जहाजाची सहल ठरलेली होती. शार्मेन स्वयंपाकघरात येऊन रडली म्हणे. "तू नाहीस तर आम्ही पण नाही, ताई. जाऊ तर सगळे एकत्र." ओपलनं वर्लीनच्या हातावर हात ठेवला. पुढे दर उन्हाळ्यात हेच. वर्लीन म्हणायची, मम्माला सोडून कशी येऊ, आणि शार्मेन म्हणायची, मग राहू दे, पुढच्या वर्षी बघू.

"माझ्यासाठी माझी बहीण समुद्र सोडून बसलीय," वर्लीन कॅन्टीनमध्ये डोळे पुसत मला सांगायची. मलाही भरून यायचं, खोटं का बोलू?

दर उन्हाळ्यात एक आठवडा शार्मेन आणि रॉस्को अटलांटाला रॉस्कोच्या म्हाताऱ्या काकूकडे जायचे. ओपलचं नेमकं तेव्हाच केशभूषावाल्यांचं संमेलन असायचं. वर्लीन काकूंसाठी तिचा तो पाउंड केक बांधून द्यायची. काय केक तो! चर्चमध्ये त्याच्या शेवटच्या तुकड्यावरून दोन वडीलधारे पुरुष भांडलेले मी पाहिलेत. वर्लीन सगळं श्रेय व्हॅनिलाला द्यायची. भली मोठी बाटली, पिवळ्या कागदावर हमिंगबर्ड पक्ष्याचं चित्र. ती मिस युलालीच्या कपाटात असायची आणि संपली की दुसरी यायची. "चर्चमधली सिस्टर ओडेसा आणून देते," मिस युलाली सांगायची. वर्लीन एकदा ओडेसाचे आभार मानायला निघाली होती, तर आईनं थांबवलं. "नको गं, तिला अवघडल्यासारखं होतं." मग ओडेसाच्या वाढदिवसाला वर्लीननं न बोलता एक केक नेऊन दिला.

मिस युलाली गेली. वर्लीननं तिचे केस विंचरले, आवडीची टोपी घातली आणि पुढचे कितीतरी महिने घरात चहाचे दोन कप काढत राहिली. मग एका रविवारी चर्च सुटल्यावर शार्मेननं जांभळा टी-शर्ट फडकवला. त्यावर छापलं होतं, 'आता वर्लीनचा नंबर!'

"आपल्या सगळ्यांची पहिली सहल, ताई!" असं म्हणून शार्मेननं तिला मिठीच मारली. वर्लीनला खोलीत सोबत हवी म्हणून मलाही एक जांभळा टी-शर्ट मिळाला.

धक्क्यावर दोन रांगा होत्या. एक मुंगीच्या पावलानं सरकणारी, आमची. दुसरी आखूड, जवळजवळ रिकामी. रॉस्को बॅग ओढत सरळ त्या आखूड रांगेत घुसला. शार्मेननं मागून त्याचा टी-शर्ट असा खेचला की तो धडपडलाच.

"काय गं?"

"रांग इकडे आहे," ती दात आवळून म्हणाली.

तेवढ्यात तिथली बाई हसून म्हणाली, "नाही नाही, सर बरोबर आहेत. पुन्हा स्वागत, सर!"

"दुसऱ्या कुणाला म्हणाली ती," ओपल घाईनं म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं, तर ती छताकडे बघत होती. आत गेल्यावर खोलीच्या किल्लीची कार्डं मिळाली. वर्लीनचं आणि माझं निळं, त्या तिघांची सोनेरी. "आमच्या खोलीला गॅलरी आहे ना, म्हणून," रॉस्को म्हणाला. गॅलरी तर आमच्याही खोलीला होती. कुठेतरी पाणी मुरतंय हे माझ्या लक्षात आलं, पण वर्लीनला कुठलं भान! भोंगा वाजला, जहाज हललं आणि ती कठड्याला धरून हमसून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बर्निटा, आईस्क्रीम कुठे मिळतं?"

तो दिवस तिचा होता, ते मी कुणालाही नाकारू देणार नाही. तिनं आईस्क्रीमच्या यंत्रासमोर तीन खेपा केल्या. डेकवर सगळे ओळीनं नाचायला लागले तेव्हा ती पहिल्या रांगेत होती, आणि कॅन्टीनमध्ये जन्मभर उभी राहिलेली ती कंबर अशी हलली की अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. खोलीत पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. तो तिनं मोडूच दिला नाही, खुर्चीवर बसवला. "मम्माला दाखवायला हवा होता हा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर डेकवर पत्ते मांडले. आमच्याकडे इस्पिकचा खेळ म्हणजे चेष्टा नाही. जोडीदार ठरलेले असतात, लग्नं मोडली तरी त्या जोड्या मोडत नाहीत. वर्लीन आणि शार्मेन लहानपणापासूनच्या जोडीदार. समोर रॉस्को आणि ओपल. मी बाजूला लिंबूपाणी पीत बसलेली. गळ्यातली किल्लीची कार्डं टोचतात म्हणून सगळ्यांनी टेबलावर काढून ठेवली होती. मागून जाणारी एक लठ्ठ, हसरी बाई थांबली.

"अगंबाई, तिघांची सोनेरी! मी एवढी जहाजं केली तरी अजून लालच आहे. तुम्ही तर इथंच राहता वाटतं!"

ती हसत निघून गेली. टेबलावर कुणी हसलं नाही. वर्लीननं पत्ते पालथे ठेवले. आपलं निळं कार्ड उचललं, ओपलचं सोनेरी त्याच्या शेजारी ठेवलं.

"रंगाचा अर्थ काय असतो, ओपल?"

ओपलचा चेहरा पडला. "वर्लीन, आम्ही सांगणारच होतो..."

"दर वर्षी?"

"नाही, दर वर्षी नाही," शार्मेन म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "हो. दर वर्षी. तुझा जीव तुटू नये म्हणून नाही सांगितलं, ताई. तू तिकडे मम्माचं करतेस आणि आम्ही इकडे..."

"आणि अटलांटाची काकू?"

रॉस्कोनं घसा खाकरला. "काकू... गेली बिचारी. फार आधीच गेली."

"मग माझा केक कोण खायचं?"

ओपलनं हातातल्या पत्त्यांचा पंखा मिटला. शेवटी रॉस्कोच पुटपुटला, "आम्हीच. इथंच. डेकवर."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ग्लास रॉस्कोच्या डोक्यावर रिकामा करावासा वाटला. वर्लीन मात्र शांतपणे उठली. आमच्याकडे हातात बदाम असताना नाही म्हणून हुकमाचं इस्पिक मारणाऱ्याला टेबलावरून उठवतात, मग तो पाद्री का असेना. ती बहिणीला म्हणाली, "हातात बदाम होता तुझ्या, शार्मेन. माझी जोडीदार असून." आणि चालू पडली.

खोलीत ती टॉवेलच्या हत्तीशेजारी बसली. मी तिघांचाही यथेच्छ उद्धार केला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं मम्मा गेली. पोटच्या पोरीनं असं केलं हे कळतं तर मोडून पडली असती. जाऊ दे. माझ्याकडे मम्मा होती. ती तरी खरी होती." तोंड धुऊन आली. "उद्या कोझुमेल ना? मी बघणार आहे कोझुमेल. यांच्यापायी ते का सोडू?"

कोझुमेलला उतरल्यावर आम्ही दोघीच निघालो. शार्मेन मार खाल्लेल्या मांजरीसारखी मागून येत होती. येऊ दिलं. ऊन चांगलं होतं, पाणी असं निळं की वर्लीन पुन्हापुन्हा थांबून बघायची. बाजारात व्हॅनिलाच्या बाटल्यांचं दुकान लागलं, आणि पहिल्याच फळीवर पिवळा कागद आणि त्यावर हमिंगबर्ड.

"बर्निटा!" ती पोरीसारखी ओरडली. "ही तर मम्माची बाटली! म्हणजे ओडेसा इथून आणायची! बघ, आणि मला वाटायचं ह्यूस्टनला मिळते." कालपासून पहिल्यांदा ती मनापासून हसली. बाटली गालाला लावली तिनं.

शार्मेनला वाटलं, हीच संधी. पुढे होऊन तिनं बाटली हातात घेतली. "ही माझ्याकडून, ताई. घे ना. गेल्या वर्षी आणलेली आता तळाला गेली असेल."

बोलून गेली आणि मग तिला कळलं काय बोलून गेली ते. दुकानदार कागदात बाटली गुंडाळायला लागला होता. वर्लीन त्याचे हात बघत राहिली.

"गेल्या वर्षी कुणी आणलेली?"

शार्मेन पर्समध्ये पैसे शोधायला लागली.

"ओडेसा कधी आली होती का इथं?"

"ओडेसाला बोटीत बसायची भीती वाटते," शार्मेन म्हणाली.

"म्हणजे मम्माला माहीत होतं."

"तिनंच सांगितलं, ताई." शार्मेन आता उघडउघड रडत होती. "पहिल्याच वर्षी. आम्ही खरंच जाणार नव्हतो, देवाशपथ. ती म्हणाली, तुम्ही जा, पण वर्लीनला कळू देऊ नका. तिला एकदा तुमच्याबरोबर जाऊ दिलं तर ती परत यायची नाही. मग माझं कोण करणार? तू शाळेत असायचीस तेव्हा मी येऊन तिला फोटो दाखवायचे. तिला आवडायचं ऐकायला."

मिस युलाली देवाघरी आहे, तरी बोलते मी. त्या बाईच्या तोंडात वर्लीननं एकेक घास घातला, आणि ती दुपारी जहाजाचे फोटो बघायची, संध्याकाळी पोरीला म्हणायची, बिचारी शार्मेन, तुझ्यासाठी थांबली. मला आजही त्याचा राग येतो.

वर्लीन ओरडली नाही. दुकानदाराच्या हातून बाटली घेऊन ती परत फळीवर ठेवायला तिनं हात पुढे केला आणि तिथंच थांबली, कुठली जागा होती ते विसरल्यासारखी. मग माझा दंड धरून म्हणाली, "चल. जहाजावर जाऊ." वाटेत समुद्राकडे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी ती डेकवर बसून राहिली, मी शेजारी. दिवे लागल्यावर म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं माझ्या हातून जेवली, ती दारावर नजर ठेवून. मला वाटायचं, मी उठले की ती माझ्याकडे बघते ती मायेनं." मी तिचा हात धरून बसले.

शेवटच्या रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनी जांभळे टी-शर्ट घालायचे होते. वर्लीन चर्चचा पांढरा झगा घालून आली, मीही माझा जांभळा खोलीतच टाकला. फोटोवाल्यानं विचारलं, नंबर कुणाचा आहे? शार्मेननं नॅपकिन उचलून टी-शर्टावरची अक्षरं झाकली. गॅल्व्हस्टनला उतरल्यावर रॉस्को माझ्या गाडीपर्यंत धावत आला आणि शार्मेननं शेवटी विकत घेतलेली, कागदात गुंडाळलेली ती बाटली मागच्या सीटवर ठेवून गेला. वर्लीननं काढून फेकली नाही. घरीही नेली नाही. माझ्या गाडीत ती बरेच दिवस वळणावर गडगडत होती, मग मी माझ्या कपाटात ठेवली.

शार्मेन रविवारी येते, वर्लीन दार उघडते, कॉफी देते. ओपलकडे केस करायला ती जात नाही, मी करते, वेडेवाकडे. चर्चमध्ये केकची फर्माईश झाली तेव्हा म्हणाली, विसरले मी कसा करतात ते. लोकांना वाटलं आईच्या दुःखानं म्हणते. पत्त्यांच्या टेबलावर आता तिची जोडीदार मी आहे, आणि मी फार वाईट खेळते.

पूर्वी दर शनिवारी ती आईच्या थडग्यावर जायची. सहलीनंतर गेलीच नाही. मेमधल्या मदर्स डेला मात्र फोन आला, "गाडी काढतेस?" फुलं घेतली नव्हती तिनं. दफनभूमीत बाकीच्यांच्या दगडांवर ताजी फुलं होती, शार्मेनचीही होती मिस युलालीवर. वर्लीन पर्स पोटाशी धरून उभी राहिली. मला वाटलं आता बोलेल, एवढ्या दिवसांचं सगळं बोलेल. मी चार पावलं मागे झाले.

ती वाकली, आईच्या नावावर चिकटलेलं वाळलेलं गवत नखानं काढलं, दगड तळहातानं पुसला.

"मी परत आले असते, मम्मा," ती म्हणाली.