सोलकढीने बसवलेला फेस

एक कोडे तुम्हालाही पडले असेल... एकाच नळातून भरलेले बियरचे दोन ग्लास टेबलावर येतात. एकावर शेवटच्या घोटापर्यंत पांढराशुभ्र फेस टिकतो. दुसऱ्यावरचा वेटरची पाठ वळायच्या आत विरून जातो. असे का?

गेल्या रविवारी हे कोडे आमच्या घरचेच झाले. माझा मामेभाऊ संतोष कर्जतजवळ, कडावच्या रस्त्यावर हॉटेल चालवतो. उन्हाळ्यात फार्महाऊसवर येणाऱ्यांसाठी त्याने मोठ्या हौसेने जर्मन पद्धतीच्या पिल्सनर बियरचा नळ बसवला होता... आणि गिऱ्हाइके 'हिच्यात दमच नाही' म्हणून ग्लास परत करत होती. दुसऱ्या दिवशी पुरवठादाराचा टेंपो येऊन ते यंत्र परत नेणार होता.

"ऱ्हाऊ दे ताई, आपल्याकडं हे चालायचं नाय," संतोष म्हणाला.

मला ते पटेना. पिल्सनर ही उन्हातून आलेल्या माणसाची बियर... अंगाने हलकी, गोडवा जवळजवळ नाही, स्वच्छ कडूपणा आणि जिभेला टोचणारा वायू. त्यामुळे प्रत्येक घोटानंतर तोंड लख्ख होते आणि पुढचा घोट हवासा वाटतो. वरचा फेस तिचा सुगंध नाकापर्यंत पोचवतो. फेस गेला की तीच बियर निर्जीव वाटते.

कारण सापडल्याशिवाय उठायचे नाही, असे ठरवून मी बसले. आधी तापमान पाहिले, मग वायूचा दाब, मग नळी... सगळे ठीक. उरला फक्त ग्लास.

"दोनदा घासतो गं आमी!" संतोष दुखावला.

ग्लास खरोखर चकाकत होता. पण त्यात बियर ओतल्यावर बुडबुडे वर न जाता आतून काचेला चिकटून बसले... आणि माझे लक्ष तिथेच अडकले. फेसाचे नाजूक पापुद्रे धान्यातल्या प्रथिनांच्या आधाराने उभे असतात, आणि स्निग्धतेचा डोळ्यांना न दिसणारा थरही तो आधार मोडतो. पण पेयांच्या ग्लासात स्निग्धता येणार कुठून?

"दुपारी यातून काय देता?" मी विचारले.

संतोषची बायको सुजाता थाळ्या लावत होती. तिचा हात थांबला. "सोलकढी..."

नारळाचे दूध!

"म्हंजे माझ्या कढीनं यांची बियर बुडवली!" ती पोट धरून हसू लागली. "आनि हे मला सांगत होते, जर्मन लोकांना बियर जमत नाय!"

ग्लास गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुतले, भरपूर खळबळले आणि न पुसता पालथे घातले. ते सुकून थंड झाल्यावर तोच नळ, तोच हात... आणि दोन बोटे जाड फेस उभा राहिला. संतोषने एक मोठा घोट घेतला, मिशी पुसली आणि फोन लावला. "टेंपो पाठव रं, पन न्यायला नको. भरलेलं पिंप घेऊन ये."

सोलकढी आता स्टीलच्या फुलपात्रांतून मिळते. माझा ग्लास मी सावकाश संपवला. प्रत्येक घोटाची खूण फेसाच्या कड्यांनी काचेवर उमटत गेली. एवढ्या समाधानाने तहान क्वचितच भागते...

तुम्हीही करून पाहा. 'स्वच्छ' ग्लास पाण्यात बुडवून पालथा धरा. पाणी सलग, पातळ पडद्यासारखे ओघळले तर खुशाल बियर ओता. जागोजाग थेंब धरून राहिले, तर दुपारी त्यातून कोण काय प्यायले, ते आधी विचारा.