यक्षांच्या तीन पिढ्यांची वही

शेजारच्या मास्तरांना पोलीस घेऊन गेले, त्या दिवशी मी दादाची वही चुलीत घातली.

बेचाळीस सालचा भाद्रपद. आम्ही पुणतांब्याला राहत होतो. मास्तरांकडे फौजदाराला न उलगडणारा एक कागद सापडला, एवढं आईच्या कानावर आलं होतं. दादाची वही तर सगळीच तशी होती.

दादा पुण्याला प्राकृत शिकत होता. कॉलेज बंद पडलं म्हणून घरी आला होता. त्याने यक्षांची एक भाषा रचली होती, आणि तिचा इतिहासही. मूळचे यक्ष पाण्याला ‘तपिका’ म्हणत. मुलांच्या तोंडी त्याचं ‘तबिगा’ झालं, नातवंडांच्या तोंडी ‘तविआ’. हे बदल तो मनाने ठरवत नसे. नदीवरून हंडा घेऊन मी चढण चढू लागले, की तो एकच शब्द मला पुन्हापुन्हा म्हणायला लावी. धाप लागून व्यंजन जिथे ढिलं पडे, तिथे पेन्सिलीने खूण करी.

“तुझी जीभ आळशी आहे म्हणून बरं. नाहीतर यक्ष अजून पणजोबांसारखेच बोलत बसले असते.”

“हंडा तू घे, मग बघू तुझे यक्ष कसे बोलतात.”

त्या दिवशी तो कोपरगावला गेला होता. आई म्हणाली, “यक्षांची भाषा म्हणून सांगशील, आणि फौजदार मान डोलावेल? चळवळीचे निरोप म्हणून पोराला आत टाकतील.” मी दोनदा नाही म्हटलं. मग एकेक पान फाडून जाळात सारलं.

दुपारी फौजदार आला. ट्रंक उपसली, डबे पालथे केले. शिपाई चुलीपाशी वाकला.

“काय जाळलंय हितं, बाई?”

“लाकडं. तुमच्याकडे काय जाळतात?” आई म्हणाली. तिचा हात माझ्या दंडावर होता. त्याचे वळ नंतर दिसले.

ते गेले. संध्याकाळी दादा आला, त्याला मी सांगितलं. तो ओट्यावर बसला. “बरं केलंस,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नवी वही घेऊन तो चढणीवर आला. “म्हण.” मी म्हणू लागले. पण कुठलं अक्षर झिजायला हवं ते मला ठाऊक होतं, आणि त्याची वही भरावी म्हणून मी नेमकी तिथेच जीभ सैल सोडली. त्याच्या ते लगेच ध्यानात आलं.

“मुद्दाम करतेस तू,” तो म्हणाला, आणि वही मिटली.

त्या हिवाळ्यात विषमज्वराने तो गेला.

पाण्याच्या शब्दाखेरीज मला आठ शब्द आठवतात. ते कोणत्या पिढीचे, हे मला सांगता येत नाही.