शेवंताबाई, विमलबाई आणि माझी मोकाट जीभ

बदनापूरला आम्ही उतरलो तेव्हा डब्यातल्या लोकांना फार हायसं वाटलं असणार. चूक माझीच होती. कुडाळहून निघताना मी कोकम, फणसाची साटं आणि चार वर्तमानपत्रांत गुंडाळलेले सुके बांगडे घेतले होते. चार वर्तमानपत्रं कमी पडली. संगीता मात्र जन्मात कधी ओळख नसल्यासारखी खिडकीबाहेर बघत बसली होती.

संगीता आमच्या शाळेत गणित शिकवते. मूळची जालना जिल्ह्यातली, चौदा वर्षं आमच्या कुडाळला आहे. तिच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात उभी हयात घालवली आणि आता गोदावरीकाठी शहागडला, आपल्या गावी, तीन खोल्यांचं घर बांधलं. त्या घराच्या गृहप्रवेशाला मी निघाले होते. पण खरं सांगायचं तर मला घरापेक्षा दोन बायकांची ओढ होती.

त्या दोघी म्हणजे शेवंता गोंदीकर आणि विमल रोहिलागडकर. मधल्या सुट्टीत संगीता मोबाइलवर त्यांची गाणी लावायची. भीमगीतं, लग्नातली गाणी, सुगीची गाणी, सगळं. एकीनं गाण्यात सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातच जवाब द्यायचा, याला इकडे सामना म्हणतात. त्यांच्यामागे ढोलकी असायची ती नानांची. चौदा वर्षं डबा खाता खाता ऐकून त्या दोघी मला माझ्या नणंदेपेक्षा जास्त कळायला लागल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी अंबडच्या एका कार्यक्रमानंतर त्या फुटल्या आणि पुन्हा एका मंचावर बसल्या नाहीत. त्याच दिवशी नानांनी ढोलकी माळ्यावर टाकली. गृहप्रवेशालाही त्यांनी दोघींपैकी कुणालाच बोलावलं नव्हतं. एकीला बोलावलं की दुसरी दुखावणार, त्यापेक्षा बुद्धवंदना, जेवण आणि मग सगळे आपापल्या घरी, असा त्यांचा बेत होता.

स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर बसलो. माझ्या पायाला अजून गाडीचे हेलकावे होते. संगीतानं मला गप्प बसवण्यासाठी दुसरा चहा सांगितला, तेवढ्यात शेजारच्या बाकावरून शेवंताबाईंचं नाव कानावर आलं. झालं, माझी मान आपोआप तिकडे वळली.

बाकावर दोघं होते, एक टोपीवाले आणि एक चष्मेवाले. टोपीवाले म्हणत होते, "शेवंताचा आवाज म्हंजे आवाज हाये. माईक बंद पडला तरी अर्ध्या तालुक्याला आयकू जातो."

"वरडायला आवाज लागतो, गायला गळा लागतो," चष्मेवाले म्हणाले. "विमलबाई बिलकुल हालत न्हाई जागची. पण आयकणारा हालतो."

"तिनं माईक वढला व्हता अंबडला. म्हणून तर फुटल्या."

"माईक न्हाई. शेवंतानं जीप घेतली आन मागच्या काचेवर एकटीचंच नाव टाकलं."

"दोन्ही न्हाई," चहावाला गाळणी झटकत म्हणाला. "दोघींनी एकाच रंगाची साडी नेसली व्हती. मला माझ्या साडूनं सांगितलं, त्यो तिथं मंडपाला व्हता."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. आमच्याकडे दशावतारातल्या नटांबद्दल असंच चालतं, कोणाचा राजा खरा आणि कोणाचा नुसता मिशीवर उभा. मी लगेच बाक सरकवला आणि म्हणाले की मला विमलबाईंचा खालचा सूर आवडतो, पण शेवंताबाई शब्द टाकतात तसा कुणी टाकत नाही. टोपीवाल्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, तुम्ही कुठल्या?"

"कुडाळच्या."

"कोकणातल्या व्हय. मंग ऱ्हाऊ द्या. तुम्ही मासे सांभाळा, गाणं आम्ही बघून घेऊ."

माझं डोकं फिरलं. चौदा वर्षं ऐकतेय मी. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोलले असं मी आजही म्हणणार नाही. मी म्हटलं, "मासे सांभाळतेच. पण उद्या अकरा वाजता शहागडला नानांच्या नव्या घरी त्या दोघी एकत्र बसणार आहेत, हे तुम्हाला माहीत नसेल. आम्ही त्यालाच चाललोय."

संगीतानं मला असा चिमटा काढला की त्याची निळी खूण अजून दंडावर आहे. टोपीवाल्यांनी चहा खाली ठेवला. पुढच्याच क्षणी दोघांचेही मोबाइल बाहेर आले, आणि मला वाटलं, जाऊ दे, बदनापूरची गोष्ट बदनापुरातच राहील.

गाडी बदनापूरलाच खोळंबून होती, म्हणून काळीपिवळीत (वडाप जीप हो, आमच्या भाषेत) बसून जालन्याला गेलो. संगीताचा भाऊ दीपक कारखान्याचा टेम्पो चालवतो, त्याची पाळी सुटेपर्यंत एमआयडीसीत थांबायचं होतं. फाटकाबाहेर सळयांचे ट्रक उभे, आतून भट्टीची झळ थेट रस्त्यापर्यंत, आणि पाळी सुटताच शेकडो मोटारसायकली एकदम बाहेर. दीपक आला तो हसत हसत. "ताई, नानांनी आपल्याला काही सांगितलंच न्हाई? सगळा कारखाना विचारून राह्यलाय. उद्याच्या सामन्याला मोठा साउंड लावला का म्हणून."

संगीतानं माझ्याकडे पाहिलं. मी कारखान्याच्या धुराड्याकडे पाहिलं.

अंबडला मोसंबीचा रस प्यायला थांबलो. गोड आणि किंचित कडवट असा तो रस मी आयुष्यात इतका चविष्ट प्यायले नसेन, पण रसवाल्यानं पेला हातात देता देता सांगितलं की शेवंताबाई आणि विमलबाई काल एका ताटात जेवल्या आणि गळ्यात गळा घालून रडल्या. "तुम्ही पाहिलंत?" मी विचारलं. "पाह्यलं न्हाई, पण बराबर हाये," तो म्हणाला. एवढ्या खात्रीनं तर मी माझं वयही सांगत नाही.

इथवर मला गंमत वाटत होती. शहागडला पोचलो आणि गंमत संपली. ऊन उतरत होतं, महामार्गावरून ट्रक धडधडत पुलाकडे जात होते, आणि नाना नव्या घराच्या ओट्यावर पांढराशुभ्र सदरा घालून बसले होते. समोर दहाबारा माणसं उभी. सगळ्यांचा एकच प्रश्न, उद्या किती वाजता यायचं. नाना सगळ्यांना सांगत होते की असं काही नाही, आणि कुणीही ऐकत नव्हतं. माणसं पांगल्यावर ते हळूच म्हणाले, "कोन बोललं आसंल गं हे? उद्या तीन गावं येतील आन म्हणतील, नानानं खोटं बोलून मान्सं जमा केली. पह्यल्याच दिशी या घराची शोभा."

मी तिथेच सांगून टाकलं. टपरी, टोपीवाले, मासे, सगळं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जेवून घ्या बाई. परवासातून आल्या तुम्ही."

जेवायला येसर (भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ) लावलेली आमटी होती, धपाटे होते, ठेचा होता. नाव ठेवायला जागा नव्हती, पण मी अर्ध्या धपाट्यावरच उठले. नाना मला रागावले असते तर बरं झालं असतं.

सकाळी विहारातून भन्तेजी आले, वंदना झाली, सगळ्यांनी पंचशील म्हटलं. तोपर्यंत अंगण भरून माणसं रस्त्यावर गेली होती. टोपीवाले आणि चष्मेवाले पहिल्या रांगेत, मला लांबूनच जयभीम घालत होते. मी स्वयंपाकघरात लपायच्या बेतात होते आणि अकराच्या सुमाराला गोंदीच्या बाजूनं एक जीप येऊन थांबली. मागच्या काचेवर खरंच एकटीचं नाव होतं. हिरव्या लुगड्यातल्या उंचनिंच शेवंताबाई उतरल्या त्या थेट नानांपुढे.

"नाना, विमलला बोलावता आन मला न्हाई? मी मेले व्हते का?"

नाना तोंड उघडणार, तेवढ्यात अंबडकडून मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून विमलबाई आल्या. ठेंगण्या, शांत, डोक्यावर पदर. त्यांनी शेवंताबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाना, तिला सुपारी दिली म्हणं तुम्ही. मला काय म्हणून न्हाई दिली, तेवढं इचारायला आलेय. इचारते आन जाते."

इकडची रीत अशी की गाणाऱ्याला यजमान स्वतःच्या हातानं अख्खी सुपारी देतो. ती हातात पडल्याशिवाय गाणारी ढोलकीजवळ बसत नाही. म्हणजे दोघी गायला आल्याच नव्हत्या. त्यांच्या त्यांच्या चाहत्यांनी रात्रीतून फोन केले होते आणि दोघी जाब विचारायला आल्या होत्या.

"मी कोनालाच सुपारी दिली न्हाई," नाना म्हणाले.

"का?" दोघींनी एकदम विचारलं. अकरा वर्षांत दोघींचा पहिला एकत्र शब्द हा होता आणि लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

नाना उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हे माझं नाव घेणार. पण ते म्हणाले, "कारन तुम्ही माझ्यामुळं फुटल्या. अंबडला शेवंताचा घसा बसला व्हता. विमल मला म्हन्ली, नाना, तिला कोमट पानी द्या, आज मी जरा हळू घेते. आन मी जाऊन शेवंताला काय सांगितलं? विमल म्हन्ती, तुझा आवाज आता उतरला. सामना रंगावा म्हणून सांगितलं. गंमत म्हणून. मला वाटलं, शेवंता चिडंल आन जोरात गाईल. ती गायली बी जोरात, पर मंचावरून उतरली ती बोललीच न्हाई. मंग मला सांगायचं धाडस झालं न्हाई. अकरा वर्सं झाली."

दीपक आणि संगीता बापाकडे बघत होते, त्यांनाही यातलं काही ठाऊक नव्हतं. आता या दोघी पाठ फिरवून गेल्या तर नानांचं घर, नाव, सगळंच त्यांच्या डोळ्यांदेखत जाणार होतं.

शेवंताबाई विमलबाईंकडे वळल्या. "तू कोमट पानी म्हन्ली व्हतीस?"

"मंग काय थंड देऊ म्हणनार व्हते?" विमलबाई म्हणाल्या. "घसा बसल्याला दिसत व्हता मला. तू त्या दिशी खोकत व्हतीस."

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं त्यांचे खांदे हलले आणि त्या रडतायत की हसतायत हे आम्हाला कळेना. दोन्ही होतं. मग डोळे पुसून त्या नानांना म्हणाल्या, "तुमचं काय करायचं त्ये माघारी बघू. आधी सुपारी द्या, उन्हं चढून राह्यली."

आणि घरात सुपारीच नव्हती. समोरच्या पानटपरीवर नुसत्या बारीक कातरलेल्या सुपारीच्या पुड्या, आणि कातरलेली चालत नाही. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या आजींच्या चंचीत एक अख्खी निघाली. एकच. आता ती कुणाच्या हातावर ठेवायची? टोपीवाले आणि चष्मेवाले पहिल्या रांगेतून उठून उभे राहिले. भांडण पुन्हा पेटायला एवढं पुरे होतं. नानांनी आजींकडून अडकित्ता मागून घेतला, सुपारीचे बरोबर मधोमध दोन तुकडे केले, आणि दोन्ही हात एकाच वेळी पुढे केले. दोघींनी एकाच वेळी घेतले.

ढोलकी माळ्यावरून काढली तर तिच्यावर बोटभर धूळ. नानांचा पहिला हात चुकला, दुसराही चुकला. विमलबाई हसून म्हणाल्या, "जल्दी न्हाई नाना, आम्ही कुठं जात न्हाई." मग ठेका सापडला. शेवंताबाईंनी सवाल टाकला की ज्यानं दोन जिवांत आग लावली त्याला शिक्षा काय, आणि विमलबाईंनी तिथल्या तिथे जुळवून जवाब दिला की आमचं मन भरेपर्यंत त्यानं वाजवत राहायचं. चार वाजेपर्यंत नाना वाजवत होते. ट्रकवाले पुलाच्या अलीकडे गाड्या लावून ऐकत होते, मी आणि चष्मेवाले एकमेकांना टाळ्या देत होतो, आणि पंगतीला माझे बांगडे भाजून वाढले तेव्हा टोपीवाल्यांनी दोनदा मागून घेतले. इतकी मी आनंदानं कधी वेडी झाले नसेन.

निघताना नानांच्या पाया पडले. त्यांच्या बोटांना फोड आले होते. "बाई, तुम्ही केलं तेच मी केल्तं," ते म्हणाले. "तुमचं सुलट पडलं, माझं उलटं. पर तुम्ही त्याच सांजेला सांगून टाकलं. त्ये पाहून मला लाज वाटली."

जालन्याहून परतीच्या गाडीत बसले, संगीता माहेरी आठवडाभर राहणार होती. समोर एक सद्गृहस्थ शेजाऱ्याला शहागडची हकिगत सांगत होते. शेजाऱ्यानं विचारलं, पण मुळात फुटल्या कशावरून? गृहस्थ म्हणाले, "शेताच्या बांधावरून. दोघींची जमीन लागून हाये."

मला राहवेना. मी सगळं सांगितलं, घसा, कोमट पाणी, ढोलकी, अर्धी अर्धी सुपारी. मी तिथं होते, माझ्या कानांनी ऐकलंय, असंही सांगितलं. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नको बाई," गृहस्थ मान हलवत म्हणाले. "पान्यावरून कोनी अकरा वर्सं बोलायचं थांबतं व्हय? बांधच व्हता."

बदनापुरात फेकलेली थाप अर्ध्या दिवसात तीन गावांनी खरी मानली होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पक्की खबर होती, आणि ती मला एका डब्यातही खपवता येईना. मी संगीताच्या वहिनीनं बांधून दिलेले धपाटे सोडले आणि त्या दोघांना एकेक दिला, बांधाचं पुढं काय झालं ते ऐकत.